म्हशीच्या गर्भांचं खाणं

आमच्या लॅबमध्ये काचेच्या बशीत आम्ही म्हशीचे गर्भ वाढवतो. कागलचे तात्या आपल्या म्हशीचे पाच गर्भ बघायला आले, ते म्हशींना चारायच्या मिनरल मिक्स्चरची पिशवी घेऊनच.

"पोरास्नी काय घालताय?"

"ज्या द्रवात ती वाढतात त्यात जस्त, सेलेनियम असतं. डोळ्याला दिसणार नाही एवढं."

"म्हंजे उपाशीच ठेवलंय की. ह्यातलं दोन मुठी टाका."

"तात्या, जरा जास्त झालं तरी मरतील."

तात्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. माझी तब्येत म्हणजे नुसती काडी.

"ज्याच्या सोताच्या अंगाला काय लागत न्हाय, त्यो माझ्या म्हशीची पोरं काय पोसणार? द्या माघारी."

आता गर्भ काय पिशवीत बांधून देऊ? मी आत गेलो, आमच्या शंभर किलोच्या ड्रायव्हरला माझा पांढरा कोट अडकवला आणि मायक्रोस्कोपपुढं बसवला. बटणं लागली नाहीत.

तात्यांनी त्याला दारातनंच बघितलं. "हां, हे खरं डॉक्टर. आता पोरं अंग धरतील."

आणि जाताना पिशवी माझ्या हातात ठेवली.

"ही तुमास्नी. सकाळ-संध्याकाळ मूठभर."