मागचं दार

वहिनी: तो फोटो आधी खाली ठेवा, भावजी. मग बोला.

भावजी: अहो, फलक रंगवून झालाय. दादाचा फोटो तेवढा चिकटवायचा राहिलाय. नवी साथ आली म्हणून सरकार परत सगळं बंद करायला निघालंय. उद्याच्या मोर्चात झाडून सगळे सलूनवाले असणार.

वहिनी: आणि खाली हे काय खरडलंय? ‘लॉकडाऊनने साथ थांबत नाही, हा बघा पुरावा!’ माझा नवरा पुरावा?

भावजी: मग खोटं आहे का? मागच्या वेळी सगळं बंद होतं, तरी आजार घरात शिरून दादाला घेऊन गेलाच ना?

वहिनी: बंद? काय बंद होतं हो? पुढचं शटर! मागच्या दाराने गिऱ्हाइकं येतच होती. मोरीशेजारी खुर्ची मांडून दोघे भाऊ केस कापत होतात. तो जाडा वकील शिंकत बसला होता. म्हणे, धुळीचा त्रास आहे! त्याच आठवड्यात ह्यांना ताप भरला.

भावजी: हौस होती का आम्हाला? घरातले डबे खडखडत होते.

वहिनी: मला सांगताय? ते डबे मीच उघडत होते.

भावजी: आता परत त्या समोरच्या चपलांच्या दुकानवाल्याचं कौतुक नको.

वहिनी: करणारच! त्याने खरंच कुलूप घातलं. घर माणसांनी भरलेलं, पण एकालाही साधा खोकला नाही.

भावजी: त्याला वरच्या मजल्याचं भाडं येतं, वहिनी! बसून खाणाऱ्याला बंद परवडतो. आमचं हातावरचं पोट!

वहिनी: मग ते लिहा ना! त्याची चीड मलाही येते. पण बंदचा उपयोग नाही म्हणून ह्यांना साक्षीला उभं करू नका. आपण बंद पाळला कुठे? औषध मोरीत ओतायचं आणि वर म्हणायचं, गुण आला नाही!

भावजी: ...मग काय लिहू? तुम्हीच सांगा.

वहिनी: लिहा, ‘दुकान बंद ठेवतो, चूल तुम्ही पेटती ठेवा. मागच्या वेळी ठेवली असतीत, तर हा माणूस आज असता.’

भावजी: एवढं मावायचं नाही. अर्धा फलक तर फोटोच खातोय.

वहिनी: मग फोटो लहान करा.