फ्रेंच बाईचं कुंकू

तुला खोटं वाटेल, पण भोईवाड्याच्या आमच्या काकीकडे एका फ्रेंच बाईचं जुनं पेंटिंग होतं. आजोबांनी रे रोडच्या भंगारातून आणलेलं. काकी त्या बाईला रोज कुंकू लावायची. मी हसलो की म्हणायची, "नवरा आहे रे तिचा. कपाळ मोकळं कसं ठेवू?"

परवा जुन्या चित्रांचा एक दलाल आला. म्हणाला, "या चित्रकाराला सगळे विसरले होते. आता शौकीन लोक पुन्हा त्याचीच चित्रं शोधतायत. फक्त हे कुंकू साफ करून घेऊ." आणि चित्र घेऊन गेला.

आज साफ करणाऱ्याचा फोन आला. "वरचं कुंकू निघालं. पण जुन्या वॉर्निशच्या खाली अजून एक आहे, चित्रकारानेच रंगवलेलं. तेही पुसू?"

मी काकीला विचारलं. ती म्हणाली, "नको. तिला घरी आण. तिचा नवरा सकाळपासून दारात उभा आहे."