टाकीतल्या काचा

रिब्निक शहरातल्या, घर तापवणाऱ्या कोळशाच्या बॉयलरच्या दुकानात सुट्या पिनांसाठी रांग होती. आपल्या बाळाला खांद्यावर थोपटत उभ्या असलेल्या बोग्नाच्या पुढे एक जोडपं दबक्या आवाजात भांडत होतं.

"झिटा, कोळसा ओला असणार. म्हणून तो ढकलणारा स्क्रू अडकला नि पिन तुटली."

"ओल्या कोळशातून काचा निघतात वाटतं? स्क्रू मी साफ केलाय, विटोल्ड. दारू सोडली म्हणालास, आणि कोळशाच्या टाकीत बाटली लपवलीस! मी पोरीला घेऊन आईकडे चालले."

"देवाशपथ, मी नाही. काचांना वास कसला होता?"

"चेरीचा. का?"

"मी कधी चेरीची प्यायलोय? ती घरी कोण बनवतं?"

"आई. पण ती तर आपल्याकडे फक्त पोरीला सांभाळायला येते."

"म्हणजे तेव्हा घरात तीच एकटी असते, पोरीबरोबर."

"विटोल्ड, पोरगी आत्ता कुणापाशी आहे?"

पिन न घेताच दोघं दाराकडे धावली.