पिशवीचा तळ

धाकटी : अहो जाऊबाई, हसताय काय? माझ्या कागदी पिशवीचा तळ सुटला नि मास्तरीणबाईंचे टोमॅटो भर रस्त्यात लोळले!

थोरली : हसू नको तर काय करू? कागदच तो. दुकानाची पायरी उतरला हेच खूप. माझ्या प्लास्टिकच्या पिशव्यांनी कधी दुकानाचं नाक कापलं नाही.

धाकटी : नाक नाही कापलं, गटार तुंबवलं. मागच्या पावसात दुकानात घोटाभर पाणी शिरलं, तेव्हा जाळीतून पिशव्यांचे बोळे ओढत शिव्या कोण घालत होतं?

थोरली : मीच. म्हणून काय दुकान तुझ्या नावावर करू?

धाकटी : असं कुठं म्हटलं मी?

थोरली : तू कशाला म्हणशील! गिऱ्हाईकं म्हणतात ना. "धाकट्या बाई किती हुशार, रद्दीतून पिशव्या करतात, पर्यावरणाची किती काळजी!" आणि आपल्या सासूबाई! मला कधी 'बरं केलंस' म्हणाल्या नाहीत, आणि तुझी पिशवी शेजारपाजारी दाखवत फिरतात.

धाकटी : जाऊबाई, बाकीच्या पिशव्या आत्ता पाहिल्या मी. वरून कोरड्या ठणठणीत, तळ तेवढे ओले.

थोरली : हवा दमट आहे.

धाकटी : नुसती तळालाच लागते हवा? आणि तुमची बाही कोपरापर्यंत भिजलीय ती?

(थोरली बाही पिळते.)

थोरली : हो, फिरवला ओला हात! जा, सांग गावभर! लग्न होऊन आले तेव्हापासून या गल्ल्यापाशी उभी आहे मी. लोक दारातूनच 'वहिनी' म्हणून हाक मारायचे. आता माझ्याकडे बघून विचारतात, "धाकट्या नाहीत का?" मी काय खांब आहे? जळते मी तुझ्यावर. नुसती जळते!

धाकटी : मास्तरीणबाईंना मी सांगितलं, खळ पातळ झाली, चूक माझी.

थोरली : माझं नाव नाही घेतलंस?

धाकटी : घेतलं ना. म्हटलं, यापुढे पिशव्या जाऊबाई करणार.

थोरली : मला न विचारता?

धाकटी : विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात.

थोरली : शहाणीच आहेस. आण ती रद्दी इकडे. आणि तळाला दुहेरी घडी लागते, तू एकेरी घालतेस. रोज बघतेय मी.

धाकटी : मग बोलला का नाहीत?

थोरली : का बोलू? खळ घट्ट कालव जरा. आणि हे बघ, मास्तरीणबाई आल्या ना, की तू आतच थांब.