हिल्काची बेरीची जागा

अगं, ऐक तर! काल इथं फिनलंडात, इलोमान्त्सीच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक म्हातारं जोडपं बसलेलं.

"ताइस्तो, चमचासुद्धा धरवत नाही रे."

"डासांचा ताप गं हा, हिल्का. डॉक्टरीण म्हणाली ना, सांधे महिनोन्‌महिने दुखतील."

"अन् माझ्या जंगलातल्या लाल बेऱ्या? कडक दंव पडलं की गेल्या सगळ्या!"

"मी आणतो. जागा सांग."

"वा रे! आईनं जाताना फक्त मला सांगितलीय. चाळीस वर्षं लपवली मी."

"नको सांगू. हिवाळाभर नुसती लापशी खाऊ."

"...सॉनाच्या वाफेत बसून मित्रांपुढं बडबडणार नाहीस?"

"नाही गं बाई. कानात सांग."

आजी कुजबुजली. आजोबा कानानं जड, ते आनंदानं ओरडलेच, "काय! काळ्या तळ्यामागं, वीज पडलेल्या पाइनच्या झाडापाशी?"

अख्ख्या खोलीनं कान टवकारले! एक जण उगाच बुटाची नाडी बांधायला लागला.

"आता उद्या पहाटेच नीघ, गाढवा. अन् तोंडाला जाळी लाव. तुलाही ताप आला तर माझी वेणी कोण घालणार?"

अगं, माझ्या गाडीत रिकामी बादली होती! तू काय केलं असतंस?