ताप पत्र्याला

...आणि मला मेलीला नवस बोलायला दुसरं काही सुचू नये? नाही, तुम्हीच सांगा! आमची ठमी, म्हणजे गाय हो, एकुलती एक, दोनदा भरवूनही राहीना, तेव्हा मी देवापुढे बोलून बसले, "ठमी गाभण राहू दे, ती सुखरूप व्याली की मगच मी पायात चपला घालीन!" देव बिचारा लगेच पावला. पण महिने मोजायची अक्कल कुणाला होती? दिवस राहिले थंडीत आणि पोट वाढलं ऐन उन्हाळ्यात!

तुम्हाला सांगते, असलं ऊन मी जन्मात पाहिलं नव्हतं. माणसं भिंतीच्या सावलीला चिकटून चालायची आणि मी अंगणातून गोठ्यापर्यंत कशी, तर तापल्या तव्यावर पाण्याचा थेंब नाचावा तशी! सासूबाई ओट्यावरून म्हणायच्या, "अगं, नवस बोललीयस की नाचाचा क्लास लावलायस?"

त्यात ठमीने वैरण खायचीच सोडली. तोंड उघडं, जीभ बाहेर, नुसती धाप! बोलावलं गुरांच्या डॉक्टरीणबाईंना. तरुण पोर, हेल्मेटखाली केस घामाने चिकटलेले. ठमीला तपासलं, पोटाला हात लावला, मग पेटीतून बंदुकीसारखं तापमापक काढलं आणि रोखलं कुणावर? छपरावर!

सासूबाई म्हणाल्या, "अहो बाई, ताप गाईला आहे की पत्र्याला?"

"पत्र्याला आहे, आजी. गाईला तो बाधतोय."

झालं! मग पत्र्याला पांढरा चुना मारा, मागची भिंत अर्धी उतरवा, वारा येऊ दे, पाणी दिवसभर पुढ्यात ठेवा... आणि हा जून कडबा बंद करून कोवळी वैरण द्या म्हणे, कडबा पचत नाही, ढेकर जास्त येतात, आणि गाईच्या ढेकरातला वायू वर जाऊन हवा आणखी तापवतो!

सासूबाई कंबरेवर हात ठेवून उभ्या. "म्हणजे हे ऊन आमच्या ठमीने पाडलंय?"

"एकटीने नाही हो आजी. मोटारी आहेत, कारखाने आहेत. पण आपला वाटा आपण कमी करायचा."

"मग आधी ह्यांच्यापासून सुरुवात करा!" सासूबाईंनी जेवून उठलेल्या सासऱ्यांकडे बोट दाखवलं, आणि सासऱ्यांनी... काय सांगू, पोटभर पुरावाच दिला!

हसलो हो आम्ही सगळे. डॉक्टरीणबाईसुद्धा हसल्या. आमच्या ह्यांनी विचारलं, "सुई नाही टोचलीत?" त्या म्हणाल्या, "सुई कुणाला टोचू? आजार गोठ्याला आहे." त्यांची गाडी वळते न वळते तोच हे म्हणाले, "गुरांची डॉक्टर ती, तिला उन्हाचं काय पडलंय?" शेजारचे भाऊजी कुंपणावरून मान हलवत, "खरंय. गुरांची डॉक्टर ती, तिला उन्हाचं काय पडलंय!" एकाने बोलायचं, दुसऱ्याने री ओढायची!

पण जाताना त्यांनी माझे पाय पाहिले होते. तळव्यांना फोड. "वहिनी, हे काय?" मी नवस सांगितला. हसतील वाटलं, हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्हाला इथे क्षणभर उभं राहवत नाही, नाचत सावलीत जाता. ठमीने कुठे जायचं? तिला दावं आहे."

मग मी पोती भिजवून ठमीच्या पाठीवर घातली, पाण्याचं घमेलं हलू दिलं नाही. ह्यांच्या मागे लागले, अहो, भिंत! हे म्हणाले, "बांधलेली भिंत कुणी पाडतं का? व्याल्यावर बघू. अगं, गुरांची डॉक्टर ती..." पुढचं मी तुम्हाला सांगायला नको.

व्याल्यावर बघायला काही राहिलं नाही हो. दिवस भरायच्या आत, भर दुपारी ठमी आडवी झाली. डॉक्टरीणबाई धावत आल्या, कोपरापर्यंत हात घालून वासरू काढलं. कालवड होती. कपाळावर चांदवा... आणि अंगात जीव नाही. ठमी तेवढी वाचली. चाटत होती तिला. चाटतच होती.

हे कसेबसे म्हणाले, "आधीच एखादी सुई दिली असतीत तर..."

त्या बादलीत हात धूत होत्या. "माझ्या पेटीत तापाची सुई आहे, दादा. उन्हाची नाही."

तेव्हा कुंपणावरून कुणी री ओढली नाही. सासूबाईंनी नुसता ठमीच्या डोळ्यांवरून पदर फिरवला. आणि संध्याकाळी ह्यांनी पहार घेतली आणि भिंत उतरवली. वारा आला हो! इतका सुरेख वारा आला, की मला रडूच फुटलं. दोन दिवस आधी येता तर?

आता ठमी पुन्हा भरवायची आहे. मी नवा नवस बोलले आहे, पण ह्या वेळी आधी चुना, आधी कोवळी वैरण, छपरावर वेल, आणि मग देवाला त्रास. तुम्हीसुद्धा बोला ना असा नवस, माझं ऐका. जनावर धडधाकट असतानाच डॉक्टरांना एकदा गोठा दाखवा, आणि त्या गाय सोडून छपराकडे बघायला लागल्या तर हसू नका, खाली स्टूल धरा. देवाचं काही नाही हो, तो भोळा, पावतो. हा उन्हाळा मेला कुणाच्या नवसाला पावत नाही!