नळ पाच मिनिटे सोडून मग भरावे

हॅलो?… हो, मीच, बोल… झोपेत कुठली, लॅबमध्येच आहे. सात वाजून दहा मिनिटं झालीत. सहा पन्नासला तुझ्या बाटलीचा आकडा आला. तुलाच फोन लावणार होते.

अगं ऐक ना आधी. आज नळाचं पाणी प्यायलीस?… किती?… उठल्या उठल्या दोन ग्लास. हो, भरपूर पाणी पी म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय, माहीत आहे मला. सातव्या महिन्यात सगळ्यांनाच सांगतात… आता पिऊ नकोस. नाही, चहासुद्धा नको. का ते सांगते.

पाण्याचा जडपणा नाही गं. जडपणा उत्तम आहे… हो, किटली आरशासारखी झाली, सासूबाईंचे केस रेशमासारखे झाले, साबणाला फेस येतो… चार वेळा सांगून झालंय तुझं. पाणी हलकं करणाऱ्या आमच्या नव्या प्लांटचं कौतुक पुरे. पाण्यात शिसं आलंय.

शिसं. धातू… शिसपेन्सिलीतलं नाही गं बाई! मर्यादा लिटरमागे दहा मायक्रोग्रॅमची. तुझ्या बाटलीत एकशे चाळीस.

हो, मलाही आधी तेच वाटलं, बाटलीच खराब असेल. म्हणून विचारते. आम्ही दिलेलीच होती ना?… आतून विसळली वगैरे नव्हतीस?… मग पाणी कसं भरलंस? पहिल्यापासून सांग… काल पाचला उठलीस… हं… ओट्यापाशी गेलीस, नळ पाच मिनिटं सोडलास, मग…

सोडला नाहीस?

रागावत नाहीये. खरंच नाही. डोळे उघडत नव्हते, कोण उभं राहतंय पाच मिनिटं, तशीच बाटली लावलीस… म्हणजे रात्रभर पाइपात थांबलेलं पाणी. पहिल्या धारेचं… नाही, तू नाही चुकलीस. एक मिनिट… विचार करू दे जरा.

अगं, बाटलीबरोबरच्या पत्रकावर ‘नळ पाच मिनिटे सोडून मग भरावे’ हे मीच लिहिलंय. जंतूंच्या तपासणीला तसंच घेतात, वीस वर्षं तेच वाक्य लिहितेय. पण पाच मिनिटांत पाइपातलं सगळं वाहून जातं, मागून येतं ते मोठ्या लाइनचं. तुमच्या गल्लीतून तेवीस बाटल्या आल्या. बावीस जणांनी शहाण्यासारखं पत्रक वाचलं. बावीस चोख.

तू स्वयंपाकघरातच आहेस ना? सिंकखालचं कपाट उघड… वाकू नकोस! स्टूल घे, बस. भिंतीतून येणारा पाइप दिसतो?… तो प्लास्टिकचा नव्हे, त्याच्या मागचा, करडा. किल्ली आहे हाताशी? खरवड जरा… सासूबाईंना म्हणावं, मागाहून ओरडा. हं… काय दिसतंय?… चांदीसारखं. आणि नखानं ओरखडा उठतो?

बरं.

नाही, बरं म्हणजे बरं नाही. लोखंड असं खरवडलं जात नाही, पाइप शिशाचा आहे.

सासरे ब्याऐंशी वर्षं जगले, मान्य. ते बोअरचं जड पाणी प्यायले. नळाला, बादलीला तो पांढरा थर बसायचा ना, आपण शिव्या घालायचो… तोच पाइपाला आतून अस्तरासारखा बसला होता. पाणी शिशाला शिवतच नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी आम्ही पाणी हलकं केलं, आता ते अस्तर खातंय… हो, नळाच्या जाळीत अडकतात ते खवले. तेच.

उकळून नाही जात. उकळलं तर उलट जास्तच… तुमच्या फिल्टरनंही नाही. शेजारचं पण नको, त्यांची घरं तुमच्याच वेळची. माझ्याकडे पाइप नवे आहेत, तुझ्या नवऱ्याला कॅन घेऊन पाठव. आत्ता, अंघोळ नंतर करेल तो.

हो… दोन महिने. पाचव्या महिन्यापासून म्हणजे… मोजू नकोस गं, मीही मोजलंय… रडतेयस? ऐक, ऐक ना… बाळाला काही होईल का, नाही होणार, मला नाही सांगता येत. तुझ्याशी खोटं बोलणार नाही. नऊला दवाखान्यात रक्त द्यायला जा. शिशासाठी म्हणून सांग, तोंड उघडून सांग, नाहीतर साखर बघतील आणि परत पाठवतील. मी येते तिथे. रिपोर्ट चार दिवसांनी… त्याआधी कुणालाच नाही कळणार. डॉक्टरांनाही नाही.

साहेबांना सांगितलं, सहा पंचावन्नलाच. म्हणाले, बावीस बरोबर, एक चूक, म्हणजे बाटलीच चूक. वर म्हणाले, बहिणीची आहे म्हणून तुमचा जीव खालीवर होतोय… नाही, प्लांट चालूच आहे. तेव्हा मला कुठे माहीत होतं तू नळ सोडला नव्हतास? आता परत सांगते. बाविसांकडून नव्यानं पाणी मागवावं लागेल, पहिल्या धारेचं… उद्या सकाळशिवाय कसं होणार? रात्रभर पाणी पाइपात थांबायला हवं.

नोटीस? ती काल संध्याकाळीच निघाली. तुझी बाटली मागाहून आली, तिच्यासाठी कोण थांबतंय… ‘पाणी पिण्यास योग्य आहे.’ आठला शिपाई लावणार होता, दुसऱ्या फोनवरून त्याला लावतेय, उचलत नाही…

काय म्हणतेस? आत्ताच? खिडकीतून दिसतोय?… कोपऱ्यावरच्या बोर्डापाशी?… हाक मार त्याला. मार ना!… लावून गेला?… लोक वाचतायत… कोण विचारतंय?

हो. सही माझीच आहे.